फोटोपुरती वेणी

"यंदाच्या गड्ड्यात राजाक्का माझी येणी बघून नुसती जळणार! बघच तू!"

मायाक्कानं ही प्रतिज्ञा केली ती एका कोकरासमोर. कोकरानं मान हलवली. खरं तर त्याच्या कानावर माशी बसली होती, पण मायाक्कानं तो होकार समजला आणि ती तयारीला लागली.

प्रकरण वेणीचं होतं. मायाक्का पंधरा वर्षांची, धनगराची पोर, लांडग्याला दगड मारून पिटाळणारी! केस मात्र विरळ. मागच्या गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेत, तिच्या आत्याच्या मुलीनं चारचौघींत विचारलं होतं, "मायाक्का, ही येणी हाय का उंदराचं शेपूट?" ही राजाक्का गिरणीच्या चाळीत राहायची, शाळेत जायची, फुग्याच्या बाह्यांचं पोलकं घालायची. तिचं म्हणणं म्हणजे अख्ख्या सोलापूरचं म्हणणं! तेव्हापासून मायाक्का डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती. ते वाक्य तिला वर्षभर सलत होतं.

आणि यंदा तिच्या आण्णांनी, म्हणजे वडील बिरप्पांनी, जाहीर केलं होतं, "घोंगडी खपली की तुझा आन् राजाक्काचा फोटू काढू!" फोटो म्हणजे भिंतीवर. भिंतीवर म्हणजे जन्मभर. येणारा-जाणारा तिचं शेपूट बघणार!

बाजारात गंगावन मिळायचं, पण मागायचं कुणाकडे? आण्णांना सांगितलं असतं तर ते जत्राभर हसत फिरले असते. मग मायाक्कानं डोकं लढवलं. दारात एवढी काळी मेंढरं असताना केस विकत कशाला? तिनं एका मेंढीची लांब लोकर कातरली, तेल लावून पिळली आणि केसांत अशी गुंफली की वेणी मनगटाएवढी जाड झाली. लोकर धुवायला तेवढी सवड मिळाली नाही. ती धुतली असती तर पुढचं रामायण टळलं असतं, कारण ती मेंढी त्याच कोकराची आई होती.

गड्ड्यात कोकरू तिच्या पाठीला चिकटून चाललं होतं.

"ह्याला बांधून का आली न्हाईस गं?" आण्णांनी विचारलं.

"त्याला लई माया हाय माझी!"

माया होती खरी, पण वेणीची.

फोटोवाल्याच्या तंबूत राजाक्का आधीच येऊन बसली होती. चेहरा कसा गोरापान! मायाक्कानं डोक्यावरचा पदर मुद्दाम मागं सारला. राजाक्काचे डोळे वेणीवर खिळले.

"आगं बया! येवढी येणी? काय लावलंस तरी काय?"

"रानची हवा!" मायाक्का ऐटीत म्हणाली.

फोटोवाले सिद्रामप्पा तापट होते. "पोरींनो, फोटूची काच एकच उरलीया! फोटू एकदाच निघंल. हलायचं न्हाई!" असं म्हणून ते काळं फडकं डोक्यावर घेऊन कॅमेऱ्यामागं वाकले.

तेवढ्यात मायाक्काच्या डोक्याला मागून हिसका बसला. कोकराला आई सापडली होती! ढुसण्या देत ते वेणी चोखू लागलं.

"तुझं मुंडकं का हलतंय?" राजाक्कानं ओठ न हलवता विचारलं.

"न्हाई हलत!"

"हलतंय की!"

आणि वेणी खसकन सुटली! लोकर कोकराच्या तोंडात आणि मायाक्काच्या पाठीवर जुनंच शेपूट! तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. धरणी दुभंगून कॅमेऱ्यासकट पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं.

राजाक्का काहीतरी बोलणार, तोच कोकरानं बिनदुधाची लोकर टाकली आणि पुढं येऊन तिच्याच गालाला जीभ लावली. गाल त्याला फारच आवडला. चाटता चाटता गोऱ्या गालावर हा एवढा सावळा पट्टा उमटला!

"राजे, हे काय गं?"

राजाक्काचा चेहरा रडवेला झाला. "जवारीचं पीठ. शाळंतल्या पोरी मला कोळसा म्हनत्यात. तू उजळ. फोटूत तुझ्या शेजारी बसायचं, मला लई भ्या वाटलं गं."

"माझ्या शेजारी? माझ्या?" मायाक्का बघतच राहिली. सोलापूरला तिची भीती वाटत होती! "आन् माझी तर मेंढीची लोकर हाय!"

"लोकर?"

"पीठ?"

आणि जे हसू फुटलं! दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून गदगदा हसू लागल्या. वर्षभराचा सल त्या हसण्यात कुठल्या कुठे वाहून गेला.

"हलू नका! काच वाया जाईल!" सिद्रामप्पा ओरडले आणि त्या गडबडीत हात लागून कॅमेऱ्याच्या भिंगावरचं झाकण पडलं आणि फोटो निघालाच. काळं फडकं पांघरलेला माणूस ओरडताना पाहून कोकराला वाटलं, हे घोंगडं घेतलेले आण्णाच! ते शहाण्यासारखं जागच्या जागी उभं राहिलं.

फोटो भिंतीवर लागला. हलल्यामुळं ना कुणाची वेणी दिसत होती, ना कुणाचा रंग. कोकराचा मात्र केस न् केस उमटला होता.

पहिलाच पाहुणा आला तो फोटोपुढं उभा राहिला. "बिरप्पा, कोकरू लई देखणं हाय! पर त्याच्यामागं ही दोन पोती कसली ठिवलीत?"

आतून मायाक्का हसत ओरडली, "एक लोकरीचं, एक पिठाचं!"