वेबसाइट माझी, दाढही माझीच

मी बनवलेली वेबसाइट कोणाच्या बापाला फोडता येणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगत होतो. ऐकणारी होती माझी बायको, आणि वेबसाइट होती तिच्याच बापाची!

सासरे दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्याची वेबसाइट मी मोठ्या हौसेनं करून दिली होती. पेशंटनं आपल्या नावानं आत शिरायचं, वेळ ठरवायची आणि खालच्या रकान्यात अभिप्राय लिहायचा. तो सगळ्यांना दिसायचा. त्या दिवशी अकरा वाजता एका शाळेच्या मुख्याध्यापिका दवाखाना बघायला येणार होत्या. त्यांना पटलं, तर शाळेतल्या हजार मुलांची तपासणी सासऱ्यांकडे! तीन महिने सासऱ्यांना दुसरा विषय नव्हता. "जावईबापू, वेबसाइट चकाचक पाहिजे हं," असं त्यांनी मला सात वेळा बजावलं होतं.

बायको नोकरीत लोकांच्या वेबसाइटमधली भोकं शोधते. त्यामुळे सकाळी चहा पिता पिता तिनं माझ्या वेबसाइटकडे मोर्चा वळवला.

"अरे, अभिप्रायाच्या रकान्यात कोणी शब्दांऐवजी प्रोग्राम लिहिला तर?"

"तर काय? साठवला जाईल."

"आणि पुढच्या माणसानं पान उघडलं की तो प्रोग्राम चालू होईल! त्याच्या नावानं वाटेल ते करेल!"

"अगं, दाढ ठणकणारी माणसं प्रोग्राम लिहीत बसतात होय? उगाच बागुलबुवा दाखवू नकोस!"

"करून दाखवू?"

"दाखव की! होऊन जाऊ दे!"

तिनं लॅपटॉप ओढला आणि मध्येच थांबली. "ही चाचणीची प्रत आहे ना? खरी वेबसाइट नाही ना?"

"मला काय दुधखुळा समजतेस?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं! चाचणीची प्रत मी सोमवारी करणार होतो. कुठल्या सोमवारी, ते ठरलं नव्हतं.

तिनं रकान्यात दोन ओळी खरडल्या. "आता हे पान जो उघडेल, त्याच्या नावानं एक अभिप्राय आपोआप पडेल. काय बरं लिहावं?" असं म्हणत तिनं माझ्या उजव्या गालाकडे पाहिलं आणि वाक्य टाकलं: 'मला दातांच्या डॉक्टरची फार भीती वाटते.'

मी पंधरा दिवस फक्त डाव्या बाजूनं चावत होतो, ते हिला कळलं की काय!

मी पान उघडलं. खाली माझं नाव आणि पुढे तेच वाक्य! तेवढ्यात त्याखाली सासऱ्यांच्या एका पेशंटचं नाव उमटलं. व्यायामशाळेच्या सरांचं.

"चाचणीच्या प्रतीवर सर काय करतायत?" बायकोनं विचारलं.

"चाचणीला... मीच बोलावलंय त्यांना."

मग बँकेच्या मॅनेजरबाई उमटल्या. बायकोनं कपाळावर हात मारला आणि माझा फोन वाजला.

"जावईबापू!" सासरे ओरडत होते. "व्यायामशाळेचे सर इथे येऊन दंड थोपटतायत! म्हणतात, मी कोणाच्या बापाला भीत नाही, आणि मी असलं काही लिहिलेलं नाही!"

"बाबा, तुम्ही ते पान उघडू नका!"

"अरे, उघडल्याशिवाय कळणार कसं? हे बघ, उघडलं."

चौथं नाव सासऱ्यांचं!

"जावईबापू, मला दातांच्या डॉक्टरची भीती वाटते, असं मी कधी लिहिलं?"

मग त्यांनी नको तेच केलं. "तुम्हालाही दिसतंय का बघा हो," म्हणत दवाखान्यातल्या प्रत्येकाला पान उघडायला लावलं! रिसेप्शनिस्टबाई, नर्स, खुर्चीत तोंड वासून पडलेला पेशंट, एकेक करून सगळे भित्रे निघाले. मी घाबरून खालून वर भराभर अभिप्राय खोडू लागलो. बायकोनं लिहिलेला मूळ अभिप्राय तेवढा राहिला! मी चार खोडले की सहा उगवायचे.

"हो बाजूला!" बायकोनं लॅपटॉप हिसकावला. आधी मूळ दुखणं काढलं, मग माझ्या प्रोग्राममध्ये एकच ओळ घातली: रकान्यात लिहिलेलं फक्त दाखवायचं, हुकूम म्हणून पाळायचं नाही. सगळं मिळून पाच मिनिटं! पण पडलेले चौतीस अभिप्राय तसेच होते, आणि अकरा वाजून गेले होते.

आम्ही धावत दवाखाना गाठला. मुख्याध्यापिका रिसेप्शनच्या स्क्रीनसमोर चष्मा सरसावून वाचत होत्या. सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक! मला तर रडूच यायचं बाकी होतं. तीन महिन्यांच्या त्यांच्या स्वप्नावर मी पाणी ओतलं होतं.

"डॉक्टर, हे तुम्ही लिहिलंत?" बाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे... तसं..."

"अहो, आमची मुलं दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की बाकाखाली लपतात! स्वतःची भीती कबूल करणारा डॉक्टर मला आज पहिल्यांदा भेटला. मुलांना असाच माणूस हवा. तपासणी तुमच्याकडेच!"

सासऱ्यांची कळी अशी खुलली म्हणता! "ही कल्पना कोणाची?" त्यांनी वळून विचारलं.

बायकोनं तोंड उघडायच्या आत मी हात वर केला. "माझी, बाबा!"

"आणि यादीत सगळ्यात वरचं नाव?"

"...तेही माझंच."

"शाब्बास! बाई, बसा. घाबरलेल्या पेशंटला मी कसं सांभाळतो, ते आता प्रत्यक्षच दाखवतो. जावईबापू, खुर्चीत!"

"उजवीकडची दाढ बघा हं, बाबा," बायको गोड आवाजात म्हणाली.

हल्ली मी दोन्ही बाजूंनी चावतो. उजवीकडे एक दाढ कमी आहे, एवढंच. आणि चाचणीची प्रत? ती येत्या सोमवारी नक्की!