यादीत नसलेले नत्थूजी

माणूस कुठे राहतो हे माहीत असणे वेगळे आणि त्याची नोंद असणे वेगळे. पहिल्यावर खेडी चालतात, दुसऱ्यावर राष्ट्रे. नागपुरातली आमची शांतिकुंज कॉलनी एकोणीसशे त्र्याहत्तर सालापर्यंत पहिल्याच पायरीवर बसून होती, आणि त्याची कोणाला लाजही वाटत नव्हती.

कॉलनीत घरे अठ्ठेचाळीस आणि फोन एक. तो सेक्रेटरी मधुकररावांकडे. फोन कोणाचाही येवो, त्यांच्या पत्नी इंदुताई रिसीव्हर टेबलावर ठेवत, खिडकीचे गज धरत आणि त्या माणसाच्या नावाने हाक मारत. माणूस हातातला घास टाकून धावत येई. सरासरी वेळ दीड मिनिट. (रविवारी, दाढी चालू असल्यास तीन.) अकरा वर्षांत चुकीचा माणूस एकदाही आला नाही, पण हे सिद्ध करायला एक कागद नव्हता. मधुकररावांना नेमके हेच खुपत होते.

तेव्हा त्यांनी सभा घेऊन 'नाव-निश्चिती योजना' मांडली. योजना अतिशय सुंदर होती, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. प्रत्येक कुटुंबप्रमुखाचे नाव आणि घराचा नंबर एका मूळ रजिस्टरात चढवायचा. त्याची नक्कल फोनशेजारी टांगायची. फोन आला की नाव नकलेत पाहायचे, नंबर काढायचा आणि त्या घरी चिठ्ठी पाठवायची. नाव नकलेत नसेल तर तो माणूस कॉलनीत राहत नाही. हाक मारणे बंद. बायकांची नावे घ्यायची नाहीत, कारण बायकांना फोन येत नसतात आणि आले तर ते चांगले नसतात. ठराव एकमताने पास झाला. हात वर करणाऱ्यांत नत्थूजी गजभियेही होते, कारण बाकीच्यांचे हात वर होते.

नत्थूजी सूतगिरणीत फिटर. मधुकररावांचे घर सात नंबरचे, आणि त्याला लागून नत्थूजींचे त्रेचाळीस. (प्लॉट ज्या क्रमाने विकले गेले त्या क्रमाने नंबर पडले. गणिताचा यात दोष नाही.)

पाहणीला मधुकरराव स्वतः निघाले, दुपारी बारा ते चार, म्हणजे सगळे पुरुष ड्यूटीवर असताना. दारात बायका आल्या. कुटुंबप्रमुखाचे नाव विचारताच बायकांनी पदर सावरला आणि खाली पाहिले. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायची रीत नव्हती. नत्थूजींच्या कुसुमताईही बराच वेळ चौकटीशी चाळा करत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "उत्तराचे बाबा." मधुकररावांनी तसेच लिहून घेतले. नत्थूजींना ते अकरा वर्षे ओळखत होते, त्यांच्याच सायकलवरून दवाखान्यात गेले होते, पण ऐकीव माहिती नोंदीत घालायची नाही असा योजनेचा सहावा नियम होता, आणि स्वतःची ओळख ही तर ऐकिवाहून वाईट.

रजिस्टर पूर्ण झाले तेव्हा त्यात अमक्याचे बाबा एकतीस, 'घरचे' नऊ, 'यांना विचारून सांगते' तीन आणि खरी नावे पाच निघाली. पहिल्या महिन्यात बाहेरून बासष्ट फोन आले. त्यांपैकी पाच पोचले, त्यांतले चार मधुकररावांचे. अहवालात 'कॉलनीतील गोंगाटात लक्षणीय घट' असे लिहिले गेले, आणि ते खोटे नव्हते.

नत्थूजींनी आधी मनावर घेतले नाही. पण त्यांची उत्तरा खापरखेड्याकडच्या एका कचेरीत टायपिस्टच्या प्रतीक्षा यादीत पहिली होती. जागा रिकामी झाली की त्याच दिवशी पाचच्या आत सहीला हजर व्हायचे, नाहीतर जागा पुढच्या मुलीला. तिथला ओळखीचा कारकून बळीराम म्हणाला होता, जागा निघाली की फोन करतो, पोरीला घेऊन निघा. आणि महिनाअखेरीस उत्तराची सरकारी नोकरीची वयोमर्यादा उलटत होती. चार वर्षे त्या पोरीने टायपिंगच्या वर्गाला पायी जाऊन बोटे झिजवली होती. नत्थूजींना रात्रंदिवस दुसरे काही सुचत नव्हते.

त्यांनी तक्रार केली. मधुकररावांनी ती रीतसर तपासायला घेतली. आधी फोन जिवंत आहे का ते पाहिले. होता. मग रजिस्टर जागेवर आहे का ते पाहिले. होते. मग नत्थूजी याच कॉलनीत राहतात याचा पुरावा मागितला. नत्थूजींनी भिंतीपलीकडच्या आपल्या घराकडे बोट दाखवले, ते बोट पुरावा म्हणून चालले नाही. शेवटी असे ठरले की नत्थूजींनी बाहेरून स्वतःला फोन लावून पाहावा. बिचारे सायकल मारत पोस्टात गेले, रांगेत उभे राहिले आणि फोनवर म्हणाले, नत्थू गजभियेला बोलवा. मधुकररावांनी नक्कल पाहिली, मग खात्रीसाठी खिडकीतूनही पाहिले आणि सांगितले की नत्थूजी घरी नाहीत. हे अगदी बरोबर होते. तपासणीच्या कागदावर 'उत्तर अचूक, दोष आढळला नाही' असा शेरा पडला.

तरीही मधुकररावांचे मन मोठे. नऊ तारखेला आलेला दुरुस्तीचा अर्ज त्यांनी बारा तारखेला मंजूर केला. मूळ रजिस्टरात 'उत्तराचे बाबा' खोडून 'नत्थूजी गजभिये' असे वळणदार अक्षरात लिहिले. फक्त फोनशेजारची नक्कल दर महिन्याच्या एक तारखेलाच बदलते, हा नववा नियम. मध्येच बदलली तर लोकांचा नकलेवरचा विश्वास उडेल.

नत्थूजींनी सुट्टी टाकली आणि मधुकररावांच्या खिडकीसमोर आपल्या अंगणात सायकल उलटी करून बसले. घंटी वाजली की हातातली चिंधी टाकून उठत. सायकलची साखळी आठ दिवसांत चौदा वेळा साफ झाली.

सत्तावीस तारखेला दुपारी तीन वाजता घंटी वाजली. आत मधुकररावांकडे चहाला चौघेजण बसले होते. नत्थूजी तेलकट हातांनी खिडकीशी येऊन उभे राहिले. मधुकररावांनी फोनवर नाव ऐकले, रिसीव्हरच्या तोंडावर हात ठेवला आणि नत्थूजींना म्हणाले, "जरा थांबा. कोण्या नत्थूजी गजभियेसाठी फोन आहे, यादीत पाहून राहिलो."

"मीच जी तो," नत्थूजी म्हणाले. "मले द्या."

"तुम्ही एक तारखेपासून."

इंदुताई आतून म्हणाल्या, "काहून असं करता जी? समोर तर उभे आहेत ते." मधुकररावांनी त्यांना दहावा नियम सांगितला. (दहावा नियम त्याच क्षणी झाला.) गजांतून हात फोनपर्यंत पुरेना. नत्थूजी वळसा घालून दाराकडे धावले. दारात पोचेपर्यंत मधुकरराव अत्यंत सभ्य आवाजात बोलले होते की ह्या नावाचे कोणी इथे राहत नाहीत, आणि फोन ठेवून दिला होता.

फोन बळीरामाचाच असणार हे नत्थूजींनी ओळखले. उत्तराला घेऊन तसेच तेलकट हातांनी बसस्टँडवर गेले. पहिली बस भरून गेली, दुसरी मिळाली. कचेरीत पोचले तेव्हा पाच वाजून चाळीस मिनिटे झाली होती, आणि यादीतली दुसरी मुलगी सही करून पेढे वाटत होती. बळीरामाने डोक्याला हात लावला. म्हणाला, "नत्थूजी, मले तर सांगितलं, तुम्ही तिथं राहतच नाही म्हणून." परतीच्या बसमध्ये उत्तरा खिडकीबाहेर पाहत रडत होती, आणि नत्थूजी कचेरीत हातावर पडलेला पेढा तिला खायला सांगत राहिले, कारण दुसरे काय सांगावे ते त्यांना समजत नव्हते.

एक तारखेला नवी नक्कल लागली. तीत त्यांचे नाव ठळक होते.

ही हकिकत पुढे कॉलनीत फार गाजली. लग्नाच्या पंगतीत, पानठेल्यावर, जिथे चार माणसे जमत तिथे निघे. सगळ्यांत रंगवून सांगत ते त्या दिवशी चहाला बसलेले चौघे. मधुकररावांचा आवाज, गजांतला हात, सगळे हुबेहूब. कोणी विचारलेच, की तुम्ही तिथंच होते तर बोलले काहून नाही गा, तर ते म्हणत, आमचा काय संबंध, आम्ही नुसते पाहत होतो, मजा वाटली. एक उत्तरा तेवढी ती ऐकताना उठून आत जाई. लोक म्हणत, पोरीला विनोद कळत नाही. तुम्हाला कळतो. तो हात गजांतून आत आला तेव्हा तुम्हीही हसतच होता.