पणजीचं नाव

"काय म्हणालास?" कुंचला तसाच वर धरून तोमेआजींनी विचारलं.

"तोमे. तुझंच नाव, आजी!" नातू शुहेई छाती फुगवून म्हणाला.

पणतीचा आज सातवा दिवस, म्हणजे जपानी रीतीनं बारसं. लाल भात शिजला होता, अख्खा मासा भाजून ताटात शेपूट वर करून बसला होता, आणि नातसुनेचे आईवडील वाटेत होते. नाव लिहिलेला कागद देवघराशेजारी चिकटवला की पानं घ्यायची. घरात आजींचं अक्षर सगळ्यांत सुरेख, म्हणून कुंचला त्यांच्या हाती. आणि या कार्ट्यानं सांगितलं काय, तर तोमे!

"गाढवा, म्हातारीचं नाव ते! थोरल्याचं मिनातो ठेवलंस, तसं एखादं गोड ठेव की."

"तेच नको! शाळेत मिनातो म्हणून हाक मारली की निम्मा वर्ग उठतो. परवा मी भलत्याच मिनातोची छत्री घरी आणली. तोमे कसं, शाळेच्या यादीत कुठेच नाही!"

"का नाही, ते बघितलंस का मेल्या?"

जन्मभर आजी या नावावर वैतागल्या होत्या. लग्नाची बोलणी चालू असताना त्यांच्या आईनं ते तोंडातल्या तोंडात पुटपुटलं होतं. पण आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"ऐक तर मग. पाच मुलींच्या पाठीवर मी झाले. वडलांनी देवाला हात जोडले आणि म्हणाले, तोमे! म्हणजे पुरे! बस्स! आता थांबव! हे माझं बारसं. हे हवंय तुझ्या लेकीला?"

शुहेईचा चेहरा पडला. "असं होय... राहू दे मग."

आजींनी हुश्श केलं, तोच बाळाला पाजत बसलेली नातसून मिओरी कडाडली, "राहू दे काय? हेच पाहिजे!"

"अगं!"

"आजी, तीन बाळंतपणं झाली माझी. आणि हे महाशय काल काय म्हणाले? चौथं झालं की मोठी गाडी घेऊ! लिहा तोमे. चांगलं ठळक लिहा."

दारावरची घंटा वाजली. पाहुणे आलेसुद्धा. आजींना रडू यायचंच बाकी राहिलं.

"अगं, पोरीला काय वाटेल? आपण नकोशा होतो, असं वाटतं गं. मला वाटायचं."

"तिला सांगेन ना, हे तुला नाही, तुझ्या बापाला बजावलंय. बरं, तुमच्यानंतर थांबलं ना?"

"कुठलं थांबतंय! माझ्या पाठीवर आणखी दोघी आहेत."

मिओरीनं नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं. "मग काय उपयोग? बिनकामाचं नाव! आजी, दुसरं काहीतरी लिहा."

आजींच्या मनासारखं झालं होतं. हसत कुंचला शाईत बुडवायचा, की झालं. पण त्या भडकल्याच.

"बिनकामाचं काय गं? नावात काही खोट नव्हती! आमचा बापच ऐकणारा नव्हता!"