मच्छरदाणीच्या कोटाची बखर

श्री. आधी नमन देवास, मग फुलास, आणि जे या दोघांमध्ये विनाकारण हत्यार घेऊन उभे राहिले त्यांसही नमन, कारण त्यांच्याविना ही हकीगत लिहिणे न घडते. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मास श्रावण. ते समयी परसबाग नामे एक राज्य होते. पूर्वेस स्वयंपाकघराची मोरी, पश्चिमेस कंपाउंडाची भिंत, उत्तरेस पाण्याची टाकी, आणि दक्षिणेस शेजाऱ्यांचा मुलूख. या राज्यी राजश्री हणमंतराव सुर्वे गादीवर होते. त्यांनी विजेच्या कचेरीत चाकरी केली, मग निवृत्त जाहले, आणि घरात बसून आमटीच्या फोडणीपर्यंत सल्ले देऊ लागले. तेव्हा पट्टराणी शालिनीबाई यांनी हाती झारी देऊन परसदारी रवाना केले. त्यासच राजश्री राज्याभिषेक म्हणत.

राजश्रींची एकुलती कन्या वैजयंती सासरी होती. तीस बहुता वर्षांनी दिवस गेले होते. मागे एकदा आशा लागून मोडली होती, म्हणोन घरात त्या गोष्टीचा उच्चारही हळू होत असे. अन्न पोटी ठरेना, आणि तिने फोनावर म्हटले, "बाबा, काही म्हणजे काही खावंसं वाटत नाही. फक्त आपल्या वेलाच्या लाल भोपळ्याचे घारगे हवेत." राजश्रींचा ऊर भरून आला आणि भरल्या उरी माणसाने बोलू नये ते बोलले, "बाळा, दिवाळीनंतर डोहाळजेवणाला ये. घारगे आपल्याच भोपळ्याचे होतील. बाजारचा भोपळा या घरात येणार नाही, हा माझा शब्द." बाजारात तुरी अशी म्हण आहे, येथे तर तुरीही नव्हत्या. वेलास नुसती फुले होती, आणि शब्द देऊन चुकले होते.

आता युद्धाचे कारण ऐकावे. राजश्रींस पूजेचा मोठा नेम. हुंगलेले फूल देवास चालत नाही, ऐसे मातोश्रींनी लहानपणी पाठीत धपाटा घालून शिकविले होते, ते पाठीने लक्षात ठेविले. एके सकाळी फुले खुडावयास गेले, तो जास्वंदीत माशी डोके घालून बसलेली देखिली. "अगं, ही तर देवाच्या आधी हुंगते!" ऐसी गर्जना केली आणि डास मारण्याची विजेची रॅकेट घेऊन चालून गेले. रॅकेट चार्ज केलेली नव्हती. जन्म विजेच्या कचेरीत गेला आणि ऐन रणात वीज नाही, हा प्रारब्धाचा भाग. माशीने निवांत काम आटोपले, आणि दुसरी कोणी येऊन राजश्रींच्या नाकाच्या शेंड्यास मुजरा करून गेली. ती गांधीलमाशी की मधमाशी हे बखरकारास सांगता येत नाही, कारण राजश्रींच्या दरबारी सर्वांस माशी हे एकच नाव होते. नाक ऐसे सुजले की चष्मा बसेना. मग माळ्यावरची जुनी मच्छरदाणी काढविली, आणि जास्वंद, तगर यांस कोट घातला, आणि कापड उरले म्हणोन भोपळ्याचा वेलही आत घेतला. भोपळ्याचे फूल देवास वाहण्याचे कारण नव्हते, परंतु कापड वाया जाऊ नये.

फुले अस्पर्श राहिली, देवपूजा निर्मळ जाहली, आणि राजश्री मिशीस पीळ देऊन हिंडू लागले. परंतु वेलावर बोराएवढे इवले भोपळे दिसत, आणि पिवळे पडत, आणि गळत. शेजाऱ्यांची दृष्ट लागली म्हणोन मांडवास फाटकी चप्पल टांगिली, मग मुळाशी ताक घातले, मग वेलाची समजूतही घातली. तरी गळती राहीना. गळालेले फळ शालिनीबाईंच्या नजरेस पडू नये म्हणोन राजश्री ते मातीत पुरीत, आणि पुरताना लेकीचीच आठवण होऊन देवाचे नाव घेत. भोपळ्याचा आणि लेकीचा काही संबंध नाही हे त्यांस कळत होते, परंतु भय कळण्याने जाते ऐसे नाही.

इतक्यात गणेशचतुर्थी आली. गुरुजी मिळाले नाहीत म्हणोन मोबाइलातून मंत्र लाविले, आणि राजश्री सोवळे नेसून पंचामृत घालू लागले. दूध जाहले, दही, तूप जाहले, मग मधाचा चमचा उचलला, तो शालिनीबाई दारातून म्हणाल्या, "अहो, एक विचारू? हा मध कुणी हुंगलेला नाही ना?"

राजश्रींचा हात वरच्या वर राहिला. शालिनीबाई म्हणाल्या, "माशीने नुसता हुंगला नाही, पोटात घालून परत काढलाय. तो देवाच्या डोक्यावर चालतो, मग त्या जास्वंदीनं तुमचं काय घोडं मारलंय?" मोबाइलातील गुरुजी तोवर साखरेपर्यंत पोहोचले होते, ते थांबेनात. राजश्रींनी मध वाहिला, पूजा कशीबशी उरकली, आणि सोवळ्यानिशी परसात जाऊन कोट पाडिला.

दुसरे दिवशी पहाटेस खुर्ची टाकून बसले आणि आयुष्यात प्रथम माशी पाहिली. बारीक मधमाशी आली, तिच्या मागच्या पायांस पिवळे गाठोडे. मग काळा भुंगा गुरगुरत आला, भोपळ्याच्या नरफुलात शिरला, आणि हळदीत लोळल्यासारखा बाहेर पडून शेजारच्या मादीफुलात उतरला. परागीभवन ऐसा शब्द राजश्रींनी शाळेत पाठ केला होता आणि त्याचे पैकीच्या पैकी गुण मिळविले होते. अर्थ आज मिळाला. "अरेरे, मी पाहुण्यांना दारातच अडवलं की!" ऐसे मोठ्याने म्हणाले आणि ऐकणारे कोणी नाही हे पाहून बरे वाटले.

वेल तर थकला होता. सगळ्या वेलास एकच फळ धरले. ते पिवळे पडले नाही, वाढले, आणि राजश्री उठता बसता त्यास पाहून येत, परंतु हात लावीत नसत. दिवाळीमागून वैजयंती आली, डोहाळजेवण जाहले, घारगे तळले. व्याही कौतुकाने म्हणाले, "भोपळा घरचा म्हणे! तुम्ही पिकवलात?" हो म्हणावे ऐसे राजश्रींच्या अगदी ओठांवर आले होते. परंतु म्हणाले, "मी कुठला पिकवतोय? मी आडवा आलो होतो. बाजूला झालो, मग धरला." वैजयंतीने घारगा संपविला, क्षणभर पोटावर हात ठेवून बसली, आणि सर्वांचे श्वास थांबले. मग ताट पुढे करून म्हणाली, "बाबा, अजून दोन वाढा." राजश्रींनी चार वाढिले आणि डोळे पुसण्यास धुराचे निमित्त केले, गॅसच्या शेगडीवर.

येणेप्रमाणे युद्ध जाहले. फत्ते माश्यांची, राज्यही त्यांचेच. राजश्रींकडे पाणी घालण्याची चाकरी कायम राहिली. पराजय लिहू नये ऐसी राजश्रींची आज्ञा होती, आणि सविस्तर लिहावा ऐसी शालिनीबाईंची. सविस्तर लिहिला आहे.