बाहेर मी विचारते, आत डॉक्टर

आमच्या डॉक्टरांच्या डोक्यात काय चाललंय ते त्यांच्या आधी मला कळतं. ही फुशारकी नाही, अकरा वर्षांचा अनुभव आहे. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत माझं टेबल, आतल्या खोलीत त्यांचं, आणि आमच्यात एक बेल. एकदा वाजली की पुढचा पेशंट. दोनदा वाजली की चहा. तीनदा वाजली की समोरचा पेशंट उठायचं नाव घेत नाहीये, मी आत जाऊन "डॉक्टर, अर्जंट फोन" म्हणायचं आणि त्यांची सुटका करायची. अकरा वर्षांत एकदाही चहाच्या जागी फोन गेलेला नाही. सुईचं काम तेवढं माझ्याकडे नाही. कुणाला इंजेक्शन द्यायचं निघालं की मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेते.

तर परवा सकाळी एक सर्व्हेवाली मुलगी आली. हातात बावीस प्रश्नांचा फॉर्म, वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'लसीकरणाबाबत फॅमिली डॉक्टरांचा दृष्टिकोन'. डॉक्टरांनी फॉर्म उलटसुलट केला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"बाई, तुम्हीच भरा. माझा दृष्टिकोन तुम्हाला ठाऊक आहे. मी सही करतो."

"मी संध्याकाळी सहाला येते," मुलगी म्हणाली.

"सहाला कशाला? दहा मिनिटं बस," मी म्हणाले. बरं झालं ती बसली नाही.

पहिले सहा प्रश्न मी भराभर उडवले. लस महत्त्वाची वाटते का? अत्यंत. सुरक्षित वाटते का? अत्यंत. सातवा होता: 'साठीच्या पुढच्या रुग्णांना तुम्ही दरवर्षी फ्लूची लस घ्यायला सांगता का?' मी ठोकून दिलं, 'नेहमी'. आठवा: 'गेल्या वर्षी किती जणांना दिलीत?' त्यासाठी फ्रिजवरचं रजिस्टर उघडलं.

चार.

मी पान उलटून पाहिलं. मागेही काही नव्हतं. चौघांतले एक डॉक्टरांचे मेहुणे, दोघांना परदेशी जायचं होतं, आणि चौथा धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी आला असताना हीसुद्धा घेऊन गेला होता. दरवर्षी बारा लसींचा डबा यायचा आणि मुदत संपली की आठ परत जायच्या. इकडे माझ्या कपाटात साठीपुढच्या पेशंटचे केसपेपर काही शे. 'नेहमी' सांगूनही चारच जण घेतात? लोक एवढे हट्टी आहेत? की डॉक्टर सांगतातच इतक्या हळू आवाजात?

मला राहवेना. एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मला जेवण जात नाही. म्हटलं, बाहेर पडणाऱ्या पेशंटनाच विचारून बघू.

पहिले निघाले रिटायर्ड पोस्टमास्तर.

"काका, आत डॉक्टरांनी लसीचं काही विचारलं का हो?"

ते थबकले. "नाही. का? विचारायला हवं होतं?"

"छे, मी सहज विचारलं."

दवाखान्यात कुणी कुणाला सहज काही विचारत नसतं, हे अकरा वर्षांत मला कळायला हवं होतं. पोस्टमास्तर दारापर्यंत गेले, परत आले आणि रिकाम्या खुर्चीत बसले.

मग शिवणक्लासवाल्या बाई बाहेर आल्या. त्यांनाही तेच विचारलं.

"नाही बाई. कसली लस? माझा रिपोर्ट वाईट आलाय का?"

"तुमचा रिपोर्ट उत्तम आहे."

"मग ते काका परत का बसलेत?"

मी पुढचा केसपेपर काढायला घेतला. त्याही बसल्या. पाठोपाठ ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर, त्यांचे सासरे आणि कंबर धरून आलेले बँकेचे मॅनेजर. कुणालाच डॉक्टरांनी विचारलेलं नव्हतं आणि कुणीच घरी जायला तयार नव्हतं. पोस्टमास्तरांनी तोंडावर हात धरून फोन लावला, पण पोस्टातली सवय, आवाज रस्त्यापर्यंत गेला. "हो, काहीतरी आलंय. नक्की काय ते सांगत नाहीयेत. पण रिसेप्शनच्या बाई एकेकाला बाजूला घेऊन विचारतायत." पंधरा मिनिटांत त्यांचा सकाळी फिरायला जाणारा अख्खा गट पांढऱ्या बुटांत हजर झाला. जिन्यापर्यंत रांग गेली. एक बाई तर मला म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही, पण रांग दिसली म्हणून उभी राहिले."

आतून बेल वाजली. तीनदा.

मी आत गेले. "डॉक्टर, अर्जंट फोन."

"फोन राहू दे. बाहेर काय चाललंय? गेले चार पेशंट मला विचारतायत, 'डॉक्टर, आमच्यापासून काय लपवताय?' मी काय लपवतोय?"

"काही नाही. मी फक्त विचारत होते, तुम्ही आत लसीचं विचारता का म्हणून."

"मी?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "ते तर तुम्ही विचारता ना? केसपेपर काढताना?"

"मी? मला वाटलं तुम्ही विचारता. तपासताना."

"मी तपासताना तपासतो, बाई. मला वाटायचं, तुम्ही विचारलंय आणि ते नको म्हणालेत. उगाच दुसऱ्यांदा कशाला आग्रह करायचा?"

"आणि मला वाटायचं, तुम्ही सांगितलंय आणि त्यांनी घेतली नाहीये."

"पण बोर्ड आहे ना? मी स्वतः लावलाय. 'लसीसाठी चौकशी करावी.'"

"कुठे?"

डॉक्टरांनी दाराकडे बोट दाखवलं. मी दार लोटलं. बोर्ड होता, दाराच्या मागे. आमचं दार सकाळी उघडतं ते भिंतीला टेकून रात्रीपर्यंत तसंच असतं. अकरा वर्षांत तो बोर्ड फक्त झाडूवाल्या मावशींनी वाचला असणार.

मला आधी हसू आलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आठवल्या आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

काकूंचं वय अठ्ठ्याहत्तर. दर सोमवारी ब्लडप्रेशर मोजायला यायच्या, आणि तिसऱ्याच खुर्चीत बसायच्या, कारण तिथून माझ्याशी बोलता येतं. माझ्या खुर्चीवरची लोकरीची गादी त्यांनीच विणलेली. गेल्या हिवाळ्यात त्यांना फ्लू झाला, तो छातीत उतरला आणि अकरा दिवस त्या हॉस्पिटलमध्ये होत्या. मी भेटायला गेले तेव्हा धाप लागत होती, तरी मला म्हणाल्या, "काही घेण्यासारखं असतं तर डॉक्टर बोललेच असते गं." तेव्हा मी मान डोलावली होती. आता मला त्या मान डोलावण्याची लाज वाटली.

"काकूंना तरी सांगितलं होतं?" मी विचारलं.

 डॉक्टरांनी नुसता फ्रिज उघडला. बारा लसी होत्या. बाहेर वीसेक माणसं.

"तुम्ही वर जा, त्यांना घेऊन या," ते म्हणाले. "मी या सगळ्यांना समजावतो."

मी तीन जिने चढले. काकूंच्या दाराला कुलूप, म्हणून कुणी येईपर्यंत अर्धा तास पायरीवर बसले. शेजारीण म्हणाली, "त्या तर तासाभरापूर्वीच खाली गेल्या. दवाखान्यात काहीतरी चाललंय म्हणे." मी तीन जिने उतरले.

काकू तिसऱ्या खुर्चीत बसल्या होत्या. एवढ्या गर्दीत मला दिसल्याच नव्हत्या. तासभर त्यांचा नंबर आला की त्या मागच्याला पुढे पाठवत होत्या.

"अहो काकू, का?"

"अगं, या लोकांना गरज असेल म्हणून बोलावलं असेल ना. मला कुठे कुणी बोलावलंय?"

 मी आत डोकावले. डॉक्टरांनी समजावायच्या नादात सपाटा लावला होता. साथबीथ काही नाही, ही दरवर्षीची लस आहे, असं ते प्रत्येकाला सांगत होते आणि प्रत्येक जण बाही वर करत होता. ताप असलेल्या दोघांना परत पाठवलं, तरी अकरा संपल्या होत्या. बारावी हातात होती आणि समोर पोस्टमास्तर दंड उघडा टाकून बसले होते.

"थांबा!" मी ओरडले. डॉक्टर दचकले. मी काकूंना हाताला धरून आत आणलं. "काकू, ही फ्लूची लस. तुम्ही घ्या."

"तू घे म्हणतेस?"

"हो."

"मग घेते," काकू म्हणाल्या.

बस. एवढंच. अकरा वर्षं जे काम झालं नाही त्याला एवढाच वेळ लागला. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे.

"पण हे काका?" काकूंनी पोस्टमास्तरांकडे पाहिलं.

पोस्टमास्तर खाकरले. "मी घेतलीय. गेल्या महिन्यात, मुलीकडे गेलो होतो तेव्हा."

"मग रांगेत कशाला बसलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"या बाईंनी विचारलं म्हणून. मला वाटलं, ही दुसरी असेल."

काकूंनी खुर्चीत बसून बाही वर केली. मी लगेच कॅलेंडरकडे वळले. मागून आवाज आला, "झालं? एवढंच?" तेव्हा मी डोळे पुसले. कॅलेंडरवर धूळ फार असते.

बरोबर सहाला सर्व्हेवाली मुलगी आली. मी सातव्या प्रश्नातलं 'नेहमी' खोडून 'कधीच नाही' केलं होतं. डॉक्टरांनी तेही खोडलं आणि 'आजपासून' लिहिलं.

"असा पर्याय नाहीये," मुलगी म्हणाली.

"मग छापून घ्या."

तिने पान उलटलं. "बाविसावा राहिलाय. 'तुम्ही आणि दवाखान्यातले कर्मचारी यांनी स्वतः ही लस घेतली आहे का?'"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही घेतली असेल ना? दिवसभर खोकणाऱ्यांच्या समोर बसता."

"मला कुणी विचारलंच नाही. तुम्ही?"

"मला कोण विचारणार?" डॉक्टर म्हणाले.

मुलगी लिहून घेत होती. तिची मान खाली होती आणि मला आता विचारायची सवय लागली होती. "आणि तू गं?"

तिचं पेन थांबलं. "या सर्व्हेसाठी चाळीस दवाखाने फिरले मी," ती हळूच म्हणाली. "पण मला कुणी..."

नवा डबा मंगळवारी येणार होता. मी रजिस्टर काढून तिघांची नावं लिहिली. पहिलं डॉक्टरांचं, दुसरं मुलीचं. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं, पेन घेतलं, माझं नाव खोडून सगळ्यात वर लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

"मंगळवारी सकाळी नऊ. तुमच्यापासूनच सुरुवात करू."

मी कॅलेंडरकडे पाहिलं. मग टेबलावरच्या बेलकडे पाहिलं आणि मनातल्या मनात ती तीनदा वाजवली. पण मला सोडवायला येणार कोण?