सदाशिवरावांचा अकरा दिवसांचा आनंद

आता आपल्याला कोणी दुःखी करून दाखवावंच, अशा तोऱ्यात सदाशिवराव कळंबहून परतले. तिथल्या दोन दिवसांच्या शिबिरात सलीलसरांनी सांगितलं होतं की सुख परिस्थितीत नसतं, मनात असतं. अकरा दिवस तक्रारीचा एक शब्द काढू नका, मग बघा. बाकीच्यांनी ते वहीत लिहून घेतलं. सदाशिवराव मात्र थेट चिंतामणीच्या देवळात गेले आणि हातावर पाणी घेऊन संकल्प सोडून आले. सरांना दिलेला शब्द मोडता येतो हो, गणपतीला दिलेला मोडायची कोणाची छाती आहे?

तक्रारींना खरं तर तोटा नव्हता. घर यवतमाळला, नोकरी महागावच्या एका सरकारी कचेरीत. सात वर्षं भाड्याची खोली आणि हातची खिचडी. बायको, कुंदाताई, तिकडे एकट्या. शनिवारी जायचं, रविवारी परत फिरायचं. यवतमाळच्या बदलीसाठी केलेल्या अर्जांची फाइल उशीएवढी जाड झाली होती.

पहिल्याच दिवशी एसटी बंद पडली. सदाशिवरावांनी हसत हसत धक्का मारला. तिसऱ्या दिवशी घरमालकानं नळ बंद केला. पाचव्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या घनश्यामनं आपलं सगळं टपाल त्यांच्याकडे सरकवलं.

"भाऊ, तुम्हाले त्रास तं नाही ना?"

"छे, छे. कायचा त्रास?"

एवढं बोलून त्यांनी दात आवळून घनश्यामचं टपाल फोडायला घेतलं.

नवव्या दिवशी जिल्ह्याहून निशिगंधा मॅडम आल्या. पुढच्या महिन्यात ठरलेली बदलीची सुनावणी त्यांना आजच उरकायची होती. यवतमाळची जागा एक, अर्जदार दोन. सदाशिवराव आणि घनश्याम.

"बोला, इथं काय अडचण आहे?" मॅडमनी विचारलं.

सात वर्षं सदाशिवरावांच्या जिभेवर येऊन उभी राहिली, आणि नेमका चिंतामणी डोळ्यांपुढे आला.

"काहीच नाही, मॅडम."

"जेवणाचे हाल होतात, असं लिहिलंय तुम्ही."

"खिचडी पचायला हलकी असते."

"पत्नी एकट्या असतात?"

"मजेत आहेत."

मॅडमनी चष्मा काढला. "मग अर्ज कशासाठी केलात?"

सदाशिवराव हसत राहिले. डोळ्यांत पाणी आलं, तेही मॅडमना आनंदाचंच वाटलं. त्यांच्यामागून घनश्याम आत गेला आणि ढसाढसा रडला. यवतमाळ त्याला मिळालं. सदाशिवरावांच्या अर्जावर शेरा पडला, 'कर्मचारी सध्याच्या ठिकाणी समाधानी.' निवृत्तीला चार वर्षं उरली होती. असल्या शेऱ्यानंतर त्यांना महागावातून हलवणार कोण? उरलेली वर्षंही आता खिचडीतच जाणार होती.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, रजा टाकून ते घरी निघाले. संकल्प संपला होता. कुंदेपुढे बसून पोटभर रडायचं, एवढंच त्यांना हवं होतं. पण घरी त्यांच्या खोलीत खुंटीवर दोन ओढण्या लटकत होत्या आणि टेबलावर नर्सिंगची पुस्तकं पडली होती.

"हे काय?"

"समीक्षा अन् केतकी," कुंदाताई चाचरत म्हणाल्या. "नर्सिंगच्या पोरी. वर्ष झालं ठेवून. शनिवारी सामान माळ्यावर टाकून गावाले जातात."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं. घर खायले उठत होतं हो. आता तिघी मिळून जेवतो, हसतो. तुमची बदली होते म्हटल्यावर त्यायले जा म्हणायले जीभच रेटेना. लय रडली मी." कुंदाताईंनी पदरानं डोळे पुसले. "मंग घनश्यामभाऊच्या बायकोचा फोन आला. तुम्ही मॅडमले सांगितलं म्हणे, तिथं मजेत हाय म्हणून. जिवावरचं ओझं उतरलं माह्या."

इतकी हसरी कुंदा सदाशिवरावांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. आता हे दुःख सांगायला माणूसही उरलं नव्हतं.

"थकलो. पडतो जरा," ते म्हणाले.

"तिथं नका, पोरी येतच असतीन. बाहेरच्या दिवाणावर पडा. तुमचं काय, तुम्ही तं कुठंही सुखी."

सदाशिवराव जाऊन पडले. दिवाण वीतभर आखूड होता.