दिगंबरमामांची केसांची इस्त्री

दिगंबरमामांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. तरीसुद्धा यंदाच्या उन्हाळ्यात केस सरळ करायच्या इस्त्रीवरून त्यांनी नांदेडातल्या दुकानदारांना सळो की पळो करून सोडलं. दुकानदार निदान शटर तरी ओढू शकत होते. मी पडले भाची. मी कुठं जाणार?

मामा आयटीआयमध्ये वायरमनचे मास्तर होते. ते रिटायर झाले, पण त्यांच्या खिशातला टेस्टर काही झाला नाही. लग्नाला गेले तर नवरानवरीच्या आधी मांडवातली वायरिंग बघून येतात. कुणाकडं चहाला गेले तर मिक्सरचा प्लग उपसून त्याचं तोंड बघतात. आणि वस्तू कुठलीही असो, त्यांचं वाक्य ठरलेलं: "तापायचं कौतुक सांगू नका. थांबतंय कुठं ते सांगा." गीझरबद्दल हेच म्हणाले होते, माझ्या नवऱ्याबद्दलही हेच.

एका संध्याकाळी बँकेतून येऊन मी चपला काढतेय तोच मामा दारात.

"अनू, तू केसाची इस्त्री वापरतीस न्हाई का? सिरॅमिकची हाय का?"

"असेल. सेलमध्ये घेतली होती."

"सेलमध्ये!" मामांनी डोळे मिटून घेतले.

मी चहा टाकून येईपर्यंत माझी इस्त्री वर्तमानपत्रावर सुटी होऊन पडली होती. "वरून नुसता मुलामा हाय बघ माय. आत पत्रा. हे कोपऱ्यात पोपडे निघून राहिले, इथं केस अडकून तुटतेत." त्यांनी ती परत जोडून दिली. तेव्हापासून तिची डावी पट्टी गार राहते.

"पण मामा, तुम्हाला कुणासाठी हवीय?"

"हाय एकासाठी."

मामांना मुलगी नाही. सून बंगळूरला, आणि तिचे केस मुळातच छडीसारखे सरळ. मी विचार करायचं सोडून दिलं. दर रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागं बसून वजिराबाद, श्रीनगर अशी नांदेडातली दुकानं हिंडायला लागले. मी का? तर, "बाईमाणूस संगं असलं की दुकानदार नीट बोलतेत."

दुकानदार नीटच बोलायचे. मामाच बोलू द्यायचे नाहीत.

"काका, ही घ्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत तापते."

"तापायचं कौतुक सांगू नका. कमीत कमी किती ठेवता येती?"

"कमीत कमी कुणी विचारत नाही काका."

"मी इचारून राहिलो न्हाई का?"

मग ते इस्त्रीच्या दोन पट्ट्या दाबून बघत. पट्टी जरा दबली पाहिजे, केस चेपला नाही पाहिजे. रुंद पट्टीची लगेच बाजूला सारत. "ही लांब केसाची. आपल्याला बारीक लागती, मुळाजवळ जाणारी." एवढ्यावर भागलं असतं तरी मी हात जोडले असते. पण एका दुकानात त्यांनी तापलेली इस्त्री सरळ स्वतःच्या मनगटाला टेकवली. काउंटरवरची मुलगी किंचाळली, "काका, ती केसांना लावायची असते!"

"केसाखाली कातडीच असती की," मामा फुंकर मारत म्हणाले आणि पुढची इस्त्री मागितली.

नांदेड संपल्यावर म्हणाले, लातूरला जाऊ. बसमध्ये माझा संयम सुटला. "मामा, लोक याहून लवकर सून पसंत करतात!"

"सून तापली तर चालतंय," मामा शांतपणे म्हणाले आणि खिडकीकडं तोंड करून बसले.

लातूरच्या दुकानदारानं शेवटी फळीच्या मागून एक करड्या रंगाची, बारीक पट्ट्यांची इस्त्री काढली. दिसायला अगदीच गरीब. तिचं बटण मात्र इतकं खाली यायचं की तो स्वतःच म्हणाला, "सर, ही तापली की नाही ते कळतसुद्धा नाही." मामांचा चेहरा उजळला. मनगट, बोट, मनगट असं लावून झालं आणि इस्त्री एकदाची घेतली. परतीच्या बसमध्ये ती पिशवीत घालू म्हटलं तर नको म्हणाले. नांदेड येईपर्यंत मांडीवर धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाता जाता मी डाळीचा डबा द्यायला त्यांच्याकडं गेले. शकूमामी खिडकीजवळ स्टुलावर बसली होती. मामी मागच्या वर्षी कॅन्सरमधून उठली. औषधांनी तिचे केस गेले होते आणि आता पुन्हा आलेत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. घरातसुद्धा ती डोक्यावरचा पदर ढळू देत नसे.

आज पदर खांद्यावर होता. पूर्वी तिची सरळ, जाड वेणी कमरेखाली जायची. आता डोकंभर आखूड, मऊ, कुरळे केस होते, बाळाच्या जावळासारखे. मामा मागं उभे होते. कातडी आणि इस्त्रीच्या मध्ये कंगवा धरून ते एकेक बट ओढत होते.

"चटका बसला?"

"न्हाई ओ."

"आता?"

"न्हाई म्हणलं की."

पाण्याची वाटी आणायला मामा आत गेले तशी मामी हळूच म्हणाली, "आरशात दुसरीच बाई दिसायली, असं म्हणले होते मी एकदा. ह्यांनी लईच मनाला लावून घेतलं बघ. मला आता कुरळ्याची सवय झाली गं. आवडतेत बी. पण ह्यांला सांगू नको."

"का?"

"दवाखान्यात ह्यांला काहीच करता येईना. नुसते बाहेर बाकड्यावर बसून राहायचे, हातावर हात ठेवून. आता काही तरी करायला भेटलंय. करू दे."

मामा वाटी घेऊन आले. "काय कुजबूज चालली?"

"काही न्हाई. हे मागं एक राहिलंय बघा," मामी म्हणाली आणि तिनं मान पुढं वाकवली.

मागं काहीच राहिलं नव्हतं. मामांनी चष्मा पुसला आणि ते शोधायला लागले.